हनिफाची तर आणि मुनाफचाचांचा भात

आमच्या कँपात भात कच्चा लागला की समजायचं, मुनाफचाचांचं फोनवर घरी भांडण झालंय. भात गिचका झाला की समजायचं, भांडण मिटलंय. आणि शीत न् शीत मोकळं असेल तर आज दोघांनी एकमेकांना फोनच केलेला नाही, म्हणजे सगळं छान चाललंय.

यात जादू काही नाही. चाचांचा भात घड्याळावर शिजत नाही, गाण्यावर शिजतो. रागात असले की ते गाणं भराभर उरकतात, खुशीत असले की हेल काढून लांबवतात, आणि त्याची फळं आम्ही ताटात भोगतो. गाणंही साधंसुधं नाही. इंग्रजी. तेही रेडिओवर लागणारं नव्हे; इंग्लंडात दात दुखला तर न्हाव्याकडे जावं लागायचं, त्या काळातलं.

सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत देखभालीची कामं घेणाऱ्या एका ठेकेदार कंपनीचा हा कँप. निम्मे लोक रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे, उरलेले जगभरचे. मी कँपच्या ऑफिसात बसतो. कुणाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कधी संपतो आणि कुणाच्या एसीतून कुणाच्या उशीवर पाणी गळतं, हे बघणं माझं काम. शिक्षण लांज्याला, मराठी शाळेत. तिथे इंग्रजीचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असायचा, त्यामुळे इंग्रजी आणि झोप यांचं माझ्या डोक्यात जुनं नातं आहे. ते नातं चाचांनी तोडलं. चाचांचं इंग्रजी ऐकताना झोप येत नाही, भूक लागते.

चाचा दाभोळचे. मिसरूड फुटायच्या आत एका ब्रिटिश मालवाहू जहाजावर लागले, स्वयंपाकघरात, बटाटे सोलायला. तिथला मोठा खानसामा डॉब्सन नावाचा, उत्तर इंग्लंडातला म्हातारा. वाफेनं भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद पडलं होतं आणि डॉब्सननं ते दुरुस्त करून घेतलं नव्हतं, कारण तो गायचा. ही गाणी त्याला त्याच्या आजीनं शिकवलेली, आजीला तिच्या आजीनं. लिहिलेली कुणीच नव्हती.

"कडवी म्हणजे त्याची मिनिटं," चाचा सांगतात. "मला बोलला, मुनाफ, गाण्याला चावी द्यायला लागत नाय. समुद्र कितीबी हलू दे, गाणं पुढं-मागं होत नाय."

"आणि अर्थ कळायचा तुम्हाला?"

"पहिल्या सफरीत नाय. दुसऱ्या सफरीत सुवेझ पार केला आणि एकदम कळलं की त्यात माणसं मरतात. तवर मी ती खुशीत म्हणायचो."

ही गाणी चाचांनी जशी घेतली तशीच वापरली. अर्धवट उकडलेलं अंडं हवं, तर गवळ्याची पोर सरदाराला नाही म्हणेपर्यंत. डाळ हवी, तर दोन शेजाऱ्यांचं गाईवरून भांडण लागून शेवटी ती गायच मरेपर्यंत. चहाला एक चावट गाणं आहे, ते चाचा आमच्यासमोर नुसतं गुणगुणतात. चहा मात्र फक्कड होतो. आणि भाताला हनिफा.

मूळ पोरीचं नाव हॅना. पण वशिष्ठीकाठच्या माणसाच्या तोंडात हॅना किती दिवस टिकणार? तिची हनिफा झाली, तिच्या नदीची खाडी झाली आणि तिच्या होडीची तर. हनिफाचा बाप तरीवाला. या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणलेला, तो हातांनी ओढत तर पलीकडे न्यायची. एके संध्याकाळी बाप तापानं पडलेला, भरती चढत चाललेली, आणि एक देखणा घोडेस्वार येऊन म्हणतो, मला पार ने.

ही तर साधी नाही. तिच्यात बसून कुणी खोटं बोललं की ती जड होते. हनिफा दोर ओढता ओढता विचारते, तू कोण? तो म्हणतो, व्यापारी. तर वीतभर खाली. कुठे निघालास? आजारी आईला बघायला. तर आणखी वीतभर खाली. तुझ्या मनात काय आहे? काही नाही गं, तो म्हणतो, आणि पाणी आत येतं. घोडा पोहत काठाला लागतो. हनिफा तरीवाल्याची पोर, तीही लागते. स्वार काही लागत नाही. हनिफा घरी जाते, ओला परकर वाळत टाकते आणि जेवायला बसते.

गाणं संपलं. भात निथळायला काढा, एक कणी राहिलेली असते. मग मटणावर त्याचा थर, कणकेनं झाकण बंद, आणि दम.

दर कडव्यात दोनदा "हेव, हनिफा, हेव" येतं. हेव म्हणजे ओढ. हा भाग आम्ही सगळे म्हणतो, तोही कांदा सोलताना, कारण चाचांचा नियम असा की फुकट गाणं ऐकायचं नाही, हात चालले पाहिजेत. तौकीर म्हणजे आमचा म्हसळ्याचा क्रेनवाला. तो तर साइटवर पाइप उचलतानाही "हेव, हनिफा" म्हणतो. फिलिपिनो सुपरवायझरला वाटतं की हा सुरक्षेचा काही अधिकृत इशारा आहे. परवा तोही म्हणाला.

असं सगळं सुखात चाललं असताना नवे मुदीर आले.

मुदीर म्हणजे मॅनेजर. अबू राकान त्यांचं नाव, सौदीतल्याच बुरैदा शहराचे, शिक्षण इंग्लंडात, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाला व्हिसा लागत असावा. आल्याआल्या त्यांनी स्वयंपाकघरात भिंतीवर आकड्यांचं टायमर बसवलं. चाचांनी त्यावर ॲप्रन टांगला. मुदीरांनी तो पाहिला. पुढच्या आठवड्यात मला बोलावून म्हणाले, शेफ मुनाफ साठीला आलेत. कंपनीचा विचार आहे की मेस बाहेरच्या केटररला द्यावी, डब्यात बंद जेवण येईल. मी शुक्रवारी इथे जेवेन आणि ठरवेन. खलास.

हे चाचांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. इकाम्याची वाईट बातमी नेहमी माझ्याच तोंडून जाते, माझा चेहराच त्यासाठी केलेला असावा.

चाचा डाळ ढवळत होते. ऐकलं आणि डाव थांबला. गाणंही थांबलं, गाय मरायची राहिली.

"म्हणजे घरी जायचं?"

"केटरर आला तर. पण घरी जाणं वाईट आहे का चाचा? चाची आहेत, घर आहे, समोर खाडी आहे."

"घर हाय रे बाला, पण चूल नाय." त्यांनी डाव माझ्यावर रोखला. "तुझी चाची मला सैपाकघरात पाय ठेवू देत नाय. गेल्या सुट्टीत मी कांदा चिरायला घेतला. तिनं काढून घेतला."

"सुरी?"

"सुरी नाय, कांदा! सुरी हातात तशीच. मी सुरी घेऊन उभा, माझ्याच घरात, चोरासारखा. मग म्हणाली, बाहेर ओट्यावर जाऊन बसा, चहा पाठवते. सुट्टी संपेस्तोवर मी ओट्यावर. गल्लीतली माणसं विचारत होती, पाहुणं कवा जाणार?"

हसू आलं, पण मी ते गिळलं, कारण चाचा हसत नव्हते. चाळीसहून जास्त वर्षं हा माणूस कुठे ना कुठे चुलीसमोर उभा आहे; जहाजावर, मग जेद्द्याच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, एका खानावळीत, मग इथे. त्यांना आणखी एक वर्ष चूल हवी होती. शुक्रवारच्या एका जेवणावर ती टिकणार होती किंवा जाणार होती.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. ती वाकडी केली क्षमा मॅडमनी, आणि त्यांनी ती अगदी चांगल्या मनानं केली, म्हणून तर ती इतकी वाकडी झाली.

आमच्या कँपच्या दवाखान्यातले डॉक्टर उमाकांत सांगलीचे. क्षमा मॅडम त्यांच्या पत्नी. सांगलीला कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या आणि जुन्या इंग्रजी लोकगीतांवर त्यांनी प्रबंध लिहिलेला. राबिघला आल्यापासून त्या विषयावर ऐकायला एकटा नवरा, आणि तो दर दुसऱ्या वाक्याला कुणाचं तरी बीपी मोजायला निघून जायचा. त्या आठवड्यात दोघं पहिल्यांदा मेसमध्ये जेवायला आले. वाढायच्या खिडकीतून चाचांचा आवाज आला आणि मॅडमच्या हातातला पापड हवेतच राहिला.

"हे कोण गातंय?"

"आमचा भात शिजतोय," तौकीर म्हणाला.

मॅडम उठून थेट आत. चाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. बाईमाणूस स्वयंपाकघरात आलं म्हणजे कांदा काढून घेणार, असं त्यांना वाटलं असावं.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"डॉब्सन. खानसामा होता. मयत झाला."

"आणि त्याला?"

"त्याच्या आजीनं. तीपण मयतच असणार."

मग मॅडम जेवण विसरून बोलत राहिल्या आणि आम्ही जेवत जेवत ऐकत राहिलो. या गाण्यांना कवी नसतो, म्हणाल्या. असलाच तर तो शेकडो वर्षांपूर्वी मेला आणि नाव सांगायला विसरला. दळताना, विणताना, दोर ओढताना बायाबाप्ये ती म्हणायचे. पुढे छापखाने आले तेव्हा एकेका गाण्याचा एकेक कागद जत्रेत विकायला येऊ लागला, वर भलतंच कुठलंतरी चित्र; बुडणाऱ्या माणसाच्या गाण्यावर डुकराचंसुद्धा, कारण छापखान्यात तोच ठसा शिल्लक असायचा. नंतर सायकलवरून शिकलेली माणसं खेडोपाडी हिंडली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना दारू पाजून गाणी उतरवून घेतली. एकच गाणं दहा गावांत दहा तऱ्हांचं. एका गावात नवरा मरतो, दुसऱ्यात बायको, तिसऱ्यात दोघं जगतात पण सुखी नसतात.

"म्हणजे व्हॉट्सॲपसारखं," तौकीर म्हणाला. "कुणी लिहिलं ठाऊक नाही, पुढे ढकलताना प्रत्येकानं थोडं वाढवलंय."

"अगदी तसंच!" मॅडम खूश. "फक्त यात शुद्धलेखन बरं होतं. आणि बघा ना, किती थंडपणे सांगतात. माणूस बुडाला, मुलगी जेवायला बसली. रडारड नाही."

"भूक लागली असेल तिला," चाचा म्हणाले. "दोर ओढलाय पोरीनं."

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. चाचांचं गाणं त्यांना एका जुन्या संग्रहात सापडलं होतं. पण चाचांच्या गाण्यात मधली कडवी नाहीत! दुसरं खोटं बोलून झाल्यावर तर खाली जाते तेव्हा तो स्वार घाबरून ओझं कमी करायला लागतो. आधी तलवार पाण्यात फेकतो, मग झगा, मग चांदीच्या रिकिबी, मग बूट. एकेका वस्तूला एकेक कडवं, आणि प्रत्येक कडव्याशेवटी हनिफा म्हणते, अजून जड आहे. कारण ओझं सामानाचं नव्हतंच.

चाचांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जशी काही घरात इतकी वर्षं राहिल्यावर एक खोली नव्यानं सापडावी.

"डॉब्सननं मला अर्धंच दिलं?"

"त्याला तेवढंच येत असेल," मी म्हटलं.

"नाय. म्हातारा चिकट होता. लोणीसुद्धा मोजून द्यायचा."

मग मॅडमनी ती कडवी आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवली. चाचा फोन कानाला लावून शिकायला लागले. बटाटे सोलताना तलवार, पीठ मळताना झगा. दोन दिवसांत मेसच्या भिंतींनासुद्धा रिकिबी पाठ झाल्या. चाचांनी त्यात आपली दुरुस्तीही केली. बूट नको म्हणाले, बूट पाण्यात टाकला की तरंगतो. त्या जागी त्यांनी नारळाचं पोतं घातलं. नारळ तरंगत नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, पोत्यात नाय.

"पण शुक्रवारी नेहमीचंच म्हणा हं," मी म्हटलं. "परीक्षेच्या दिवशी नवी वही काढू नये."

"मुदीर इंग्लंडात शिकलाय. त्यानं पुरं गाणं ऐकलेलं असलं तर? बोलेल, याचं गाणं अर्धं, याचा भात काय पुरा असणार?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "आणि बाला, पुरं गाणं हातात असताना अर्धं म्हणायचं, हे मला पटत नाय."

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. आमच्या नाही आलं. आम्ही सगळे त्या नव्या कडव्यांवर इतके खूश होतो, की भाताशी त्यांचा काही संबंध आहे हे एकालाही सुचलं नाही. डॉक्टर तेवढे म्हणाले होते, "मूळ औषधाचा डोस बदलताना जपून," पण ते सगळ्याच गोष्टींबद्दल तसं म्हणतात.

शुक्रवार आला. जुम्याची नमाज झाली. मुदीर येऊन बसले, शेजारी डॉक्टर, मॅडम. खिडकीतून मटणाचा असा वास येत होता की चोराच्या इकाम्याची मुदतसुद्धा वाढवावी. मी आत उभा होतो, तौकीरही. चाचांनी मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात तांदूळ सोडले, बिस्मिल्ला म्हटलं आणि गाणं धरलं.

काय गायले! नवी कडवी अजून तोंडात बसली नव्हती, म्हणून ती सावकाश; आणि मुदीरांच्या कानावर जावीत म्हणून ती मोठ्यानं. आम्ही "हेव, हनिफा, हेव" करून खिडकी हादरवत होतो. तलवार गेली. झगा गेला. रिकिबींच्या वेळी चाचांनी डोळे मिटले.

तेवढ्यात तौकीर माझ्या कानाशी आला. "अरे, हा अजून बुडाला नाही?"

"बुडेल की."

"नाही, म्हणजे… दर शुक्रवारी एव्हाना घोडा काठाला लागलेला असतो."

मी पातेल्यात बघितलं. तांदूळ फुलून फुटायला लागले होते. "चाचा!" मी म्हटलं. "चाचा, भात!"

चाचांनी डोळे उघडले, पातेल्यात पाहिलं, आणि त्यांना कळलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो, कळलं. दुसऱ्या कुणीही त्या क्षणी गाणं सोडून पातेलं उचललं असतं. चाचांनी मात्र उजवा हात वर करून मला थांबवलं आणि पुढचं कडवं धरलं, यावेळी आगगाडीच्या वेगानं. नारळाचं पोतं धपकन गेलं, तिसरं खोटं एका श्वासात बोलून झालं, स्वाराला बुडायलाही पुरता वेळ मिळाला नाही. हनिफानं परकर वाळत टाकला न टाकला तोच चाचा पातेल्यावर झडप घालून म्हणाले, "उचल!"

"आधीच का नाही उचललं?" तौकीर ओरडला.

"मधेच सोडू? तर खाडीच्या मधे, पोर त्यात, आणि मी भात निथळत बसू?"

तोवर भात निथळण्याच्या पलीकडे गेला होता. मटणावर थर दिला, झाकण कणकेनं बंद केलं, आणि चाचा आयुष्यात पहिल्यांदा दमाच्या वेळी गप्प बसले. झाकण उघडलं तेव्हा आत जे होतं त्याला भात म्हणणं म्हणजे शेजारधर्म. सगळं एकजीव झालं होतं. डाव उभा केला तर पडत नव्हता.

"डाळभात करू का पटकन?" मी विचारलं.

"वाढ," चाचा म्हणाले. "जे हाय ते वाढ."

वाढलं. पंगतीत कुणी घासाला हात लावेना. आमच्या लोकांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इथे लिहीत नाही. मॅडमना सगळं कळलं होतं. त्या आपल्या ताटाकडे, जशी ताटानंच चूक केलीय, तशा बघत होत्या. मुदीरांनी पहिला घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग आणखी वाढायची खूण केली आणि चाचांना बाहेर बोलावलं. तौकीरला अरबी चांगलं येतं, तो मधे उभा राहिला.

"या पदार्थाचं नाव काय?" मुदीरांनी विचारलं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं, तौकीरकडे बघितलं, छताकडे बघितलं. "हनिफा," ते म्हणाले.

"हनीफा. तुमच्याकडचा आहे?"

"हो. आमच्या कोकणातला. जुना हाय."

मागून कुणीतरी खोकलं. मला एकदम पायाखाली पाणी आल्यासारखं वाटलं, वीतभर, मग आणखी वीतभर. चाचांनाही वाटलं असणार, कारण त्यांनी खिशात घातलेले हात बाहेर काढले.

मुदीरांनी सगळ्या पंगतीवर नजर फिरवली. "मग तुमच्या कोकणातले लोक तो खात का नाहीत?"

तिसरा प्रश्न.

"चाचा," तौकीर मराठीत पुटपुटला, "सांगा उपास आहे. काहीपण सांगा. वर्षाचा सवाल आहे."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. "मुदीरसाहेब," ते म्हणाले, "याला नाव नाय. हा भात हाय, बिघडलेला. गाणं लांबलं."

तौकीरनं याचं भाषांतर करायला बराच वेळ घेतला. "गाणं लांबलं" हे कुठल्याही भाषेत सरळ सांगता येत नाही. शेवटी मॅडम इंग्रजीत बोलल्या, कडवी त्यांनीच दिली हे सांगितलं, तरीचं सांगितलं, खोट्याच्या ओझ्याचं सांगितलं. मुदीर ऐकत होते आणि जेवत होते. डॉब्सनपर्यंत गोष्ट गेली तेव्हा त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आधी वाटलं, ठसका लागला. डॉक्टर अर्धे उठलेसुद्धा. पण ते हसत होते. आम्ही त्यांना हसताना प्रथमच बघत होतो. वापर नसलेल्या दारासारखं, करकरत, पण उघडलं.

मग ते बोलायला लागले, आणि व्हिसा वगैरे काही लागला नाही. त्यांची आई जरीश करते, भरडलेल्या गव्हाचं, मटण घालून, डाव उभा राहीपर्यंत घोटलेलं. हे थेट तसं लागतंय. बुरैदाला खजुरांच्या बागेत त्यांच्या आजोबांची विहीर होती. उंट उतारावरून खाली गेला की चामड्याची मोठी पखाल पाणी घेऊन वर येई, आणि आजोबा उंटाला गाऊन चालवत.

"मोट!" मी म्हटलं. "फक्त बैलाच्या जागी उंट."

"गाणं थांबलं की उंट थांबायचा," तौकीरनं भाषांतर केलं. "आजोबांना मधेच शिंक आली, तरी उंट उभा. म्हणून ते गाणं कधी अर्धं सोडत नसत."

हे ऐकून चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघितलं.

जेवण झालं. मुदीरांनी हात धुतले आणि जाता जाता, पुन्हा मोजके शब्द काढून, म्हणाले, "इकामा एक वर्ष. केटरर खलास. शुक्रवारी माझ्यासाठी हनीफा." मग दारातून वळून, "पूर्ण गाण्याचा."

तेव्हापासून आमच्याकडे दर शुक्रवारी दोन पातेली असतात. लहान पातेलं मुदीरांचं, त्यात तलवार, झगा, रिकिबी, नारळाचं पोतं, सगळं. मोठं आमचं, त्यात फक्त तीन खोटी आणि एक बुडणं. आधी आमचं म्हणतात, मग त्यांचं. दोन्ही एकदम म्हणायचा प्रयत्न एकदा झाला होता, त्याबद्दल बोलायला मनाई आहे. मी मॅडमना विचारलं की यातलं खरं गाणं कुठलं. त्या म्हणाल्या, मोकळ्या भाताचं वेगळं, घट्ट भाताचं वेगळं, दोन्ही खरी. डॉब्सनच्या आजीनं ती कडवी कदाचित अशाच एखाद्या पातेल्यापायी गाळली असतील. मॅडमनी चाचांची दोन्ही गाणी रेकॉर्ड करून कुठल्याशा संग्रहाला पाठवली आहेत. तिकडच्या एका संशोधकानं उलट विचारलं की इंग्लंडातल्या नदीत नारळाचं पोतं आलं कुठून. चाचांचं उत्तर: दाभोळातून, आणखी कुठनं येणार?

इकाम्याचं कळवायला चाचांनी घरी फोन लावला, तेव्हा मी शेजारीच कांदे सोलत होतो. स्पीकर चालू होता, कारण चाचांच्या हातांना पीठ होतं.

"आणखी एक वरीस?" अमिरुन्निसाचाची म्हणाल्या. मग पलीकडून भांडी वाजली. मला वाटलं, उद्या भात कच्चा.

"रागावलीस?"

"नाय. इथं येऊन तुमी ओट्यावर तरी काय करणार?" पुन्हा भांडी. "अवो, ते तांदूळ वैरलेत मी आता. फोन डब्याला टेकवून ठेवलाय. म्हणा."

"काय म्हणू?"

"काय म्हणजे? ते तुमच्या तरीवालीचं. गेल्या सुट्टीत ओट्यावर बसून म्हणत होतात, तेव्हा माझा भात काय सुटला होता!"

चाचांनी पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघितलं. त्या सुट्टीत, म्हणजे कांदा काढून घेतला त्या सुट्टीत, दाभोळच्या चुलीवरचा भात कोण शिजवत होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"कुठलं म्हणू? आता दोन हायत. पुरं म्हणू का?"

"लांबटवालं नको, पोरांना जेवायचंय. आखूडवालं म्हणा. आणि हळू नको, दाभोळचा तांदूळ जुना नाय यंदा, लगेच शिजतो."

चाचांनी घसा साफ केला, मला कांद्याकडे बोट दाखवलं, म्हणजे हात चालू दे, आणि दोर धरला.